उजेडाचा सौदा

बाजाराचा इतिहास लिहिणारे बहुधा भावांचाच इतिहास लिहितात. कोणत्या सालात ज्वारी काय भावाने विकली गेली, कोणत्या राजाने कोणती जकात बसविली, कोणत्या दुष्काळात कोणत्या पेठेतील पेवे रिकामी झाली, या गोष्टी दप्तरांतून सापडतात आणि ग्रंथांतून छापल्या जातात. परंतु बाजारात एक गोष्ट अशी असते, की तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती विकली जात नाही, तिच्यावर जकात नाही, आणि तरीही तिच्यावाचून एकही सौदा धड होत नाही. ती गोष्ट म्हणजे उजेड. आमच्या लातूर-नांदेडकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची घासाघीस टोकाला गेली, की दोघांपैकी एकजण हमखास म्हणतो, "उजेडात बघून घ्या." हे वाक्य साधे नव्हे. त्यात एक आव्हान आहे आणि एक कबुलीही आहे. दुकानाच्या आत जे दिसते ते सारे खरे नसते, हे दोघांनाही ठाऊक असते.

या वाक्याच्या मागे जाता जाता मी बाजाराच्या इमारतींपर्यंत येऊन पोहोचलो. बाजार भरविण्यासाठी माणसाने छप्पर घातले, तेव्हा उजेडाचे त्याने काय केले, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला. मी स्थापत्यशास्त्राचा पंडित नव्हे, मास्तर आहे. पण हा प्रश्न केवळ गवंड्याचा किंवा इंजिनियरचा नाही, तो गिऱ्हाइकाचाही आहे, असे मला वाटते.

मराठवाडा ही बाजारांची फार जुनी भूमी. लातूरपासून फार दूर नसलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राच्या प्रवासाचे टिपण लिहून ठेवले, त्यात या तगराचे नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. आणि तगरहून गाड्यांनी साधे कापड व मलमल भडोचला जाते, असेही सांगतो. तगरची बाजारपेठ छपराखाली भरत होती की आकाशाखाली, हे त्याने लिहिलेले नाही. पण आपल्याकडचा बाजार हजारो वर्षे मुख्यतः आकाशाखालीच भरत आला. आजचा आठवडी बाजार पाहा, उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार पाहा, किंवा मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या यात्रेत भरणारा माळेगावचा घोड्यागाढवांचा बाजार पाहा. तेथे भिंत नाही, खांब नाही, खिडकी नाही. बैलाचे दात पाहायचे तर तोंड उघडून सूर्याकडे वळवायचे, एवढेच तेथले वास्तुशास्त्र.

मात्र याच उघड्या बाजारात एक अंधारी जागा असते, आणि ती केवळ हातभर लांबीची असते. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात. वर लखलखीत ऊन आणि खाली रुमालाचा काळोख! ज्याचा बैल आहे तो शेतकरी कडेला उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असतो. म्हणजे नुसता उजेड असला की व्यवहार उघडा होतो, असे नाही. माल उजेडात असतो आणि भाव काळोखात ठरतो, असेही होऊ शकते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याशी काम पडणार आहे.

आकाशाखालचा बाजार पावसाळ्यात मोडतो आणि वैशाखात करपतो. म्हणून छप्पर आले. छप्पर आले की काळोख आला, आणि काळोख आला की त्यावर तोड काढणे आले. आपल्या पूर्वजांनी ही तोड घरात काढलेली होती. वाड्याच्या मधोमध चौक ठेवायचा आणि चारही सोप्यांना त्यातून उजेड द्यायचा, ही एक रीत. ज्यांना चौक परवडत नसे त्यांच्या माळवदाला साणे असे. साणे म्हणजे मातीच्या धाब्याला ठेवलेले वीत-दीड वीत रुंदीचे भोक. पावसात ते झाकायचे, एरवी उघडे ठेवायचे. दुपारी त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली येई आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर सरकत सरकत जाई. त्या एवढ्याशा भोकावर चूल, उतरंड, जाते आणि पाळणा असा सारा संसार चाले. या भोकात केवढे गणित होते, ते पुढे सांगतो.

युरोपात हीच तोड लोखंड आणि काच यांनी काढली. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन याने जो स्फटिकमहाल उभारला, त्याला जवळजवळ तीन लाख काचा लागल्या. पॅक्स्टन हा मूळचा बागवान. झाडांसाठी काचघरे बांधता बांधता तो माणसांसाठी काचघर बांधू लागला. लोखंडाचे सडपातळ खांब भार उचलू लागल्याबरोबर जाड भिंतींची गरज संपली. आतली जागा मोकळी झाली आणि वरून उजेड घेता येऊ लागला. १८५० नंतर पॅरिसमध्ये बाल्तार याने शहराची मध्यवर्ती मंडई लोखंडी खांबांवर उभी केली. १८६९ पासून त्याच शहरात 'बाँ मार्शे' या कापडचोपडाच्या प्रचंड दुकानाची नवी इमारत बांधली जाऊ लागली. तिच्या मध्यभागी काचेच्या छताखाली मोठमोठे चौक होते आणि भोवती सज्जे होते. आपल्या वाड्याच्या चौकावर काच घातली असती तर जे झाले असते, तेच हे. या दुकानाचा मालक बुसिको याने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक मालावर किंमत लिहून ठेवली आणि पसंत न पडलेला माल परत घेण्याची हमी दिली. उघडा उजेड आणि उघडी किंमत एकाच छताखाली आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

या नव्या दुकानांचे दुसरे अंगही होते. एमिल झोला याने १८८३ साली अशाच एका दुकानावर कादंबरी लिहिली. तीत गावाकडून पॅरिसला आलेली पोरकी मुलगी देनीज आपल्या चुलत्याच्या दुकानात येते. ते दुकान दमट, बुटके आणि अंधारे आहे आणि रस्त्याच्या पलीकडे ते नवे दुकान झळाळते आहे. तिचे डोळे पलीकडे वळतात. त्या झळाळीत पुढे चुलत्याचे दुकान आणि घर दोन्ही विझून जातात. उजेड गिऱ्हाइकाला माल दाखवितो, तसा तो गिऱ्हाइकाला भुलवितोही, हे झोलाने नेमके ओळखले. दिवा कोणाच्या हातात आहे, यावर सारे अवलंबून.

ही नवी रीत मुंबईस लवकरच आली. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट पुरे झाले. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला दिलेले होते आणि विल्यम इमर्सन हा त्याचा वास्तुशिल्पी होता. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची कोरीव चित्रे लॉकवुड किपलिंग याची. आत उंच छप्पर, वरून येणारा उजेड आणि वारा, खाली स्कॉटलंडहून आणलेल्या फरश्या. भाजीफळे नासू नयेत म्हणून ऊन आत येऊ द्यायचे नाही, पण उजेड मात्र येऊ द्यायचा, हे कठीण कसब या इमारतीने साधले. नंतर पुण्यात मंडई झाली. तोवर शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भाजी विकली जाई. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेली ही इमारत १८८६ साली खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या लांब लांब पाख्या, असा तिचा आकार. पाख्या अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंनी येणारा उजेड मधोमध भेटतो आणि बसलेल्या प्रत्येक गाळेवालीच्या पाटीत पोहोचतो.

या मंडईला एका माणसाने विरोध केला होता. त्याचे नाव जोतीराव फुले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या अवाढव्य खर्चाला हरकत घेतली आणि हा पैसा शिक्षणाकडे लावावा असे सांगितले. त्यांचे ऐकले गेले नाही. मंडई उभी राहिली. आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव मिळाले. ज्या पुरुषाने बाजाराच्या वाड्यापेक्षा शाळा मागितली, त्याच्याच नावाने आज महाराष्ट्रातील दोन सर्वांत प्रसिद्ध बाजार ओळखले जातात. यातली गंमत सांगून लोक पुढे जातात. मी तेथे थांबतो, कारण जोतीरावांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उजेड आधी कोठे पाडायचा, भाजीच्या पाटीवर की पाटीवर लिहिणाऱ्या पोरावर?

ज्या १८८६ सालात पुण्याची मंडई उघडली, त्याच सालात वऱ्हाडातील कारंजा येथे आणखी एक गोष्ट घडली. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, पण १८५३ पासून तेथील कारभार इंग्रजांकडे होता. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजाचा कापसाचा बाजार नियमाखाली आणण्यात आला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार तो हाच. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या शेतकी कमिशनने आपला अहवाल दिला. त्यात बाजारांतील खोटी मापे, मनमानी कपाती आणि रुमालाखालचे सौदे यांवर बोट ठेवले आणि देशभर नियंत्रित बाजार व्हावेत अशी शिफारस केली. १९३० साली हैदराबाद संस्थानानेही शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला आणि त्याने उघड लिलावाची रीत गावोगावच्या बाजार समित्यांत नेली.

पुण्याची मंडई आणि कारंजाचा बाजार यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मला ते एकाच विचाराचे दोन अर्धे वाटतात. पुण्यात माल उजेडात आला. कारंजात भाव उजेडात आणण्याचा आरंभ झाला. एकाने छप्पर उघडले, दुसऱ्याने रुमाल उचलला. या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र होतात तोच खरा उघडा बाजार. एकच झाली तर काम अर्धे राहते.

आता आमच्या गावांकडे येतो. नांदेडला १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची रेल्वे आली, आणि लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी आली. गाडी आली की माल आला, आणि माल आला की त्याला बसायला जागा हवी. निजामी मुलखात धान्याच्या मोठ्या पेठेला गंज म्हणत. फारसीत गंज म्हणजे खजिना, भांडार. आम्ही मराठवाड्यात मोंढाही म्हणतो. लातूरचा हा गंज वसविताना निजामी अमदानीतील फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने जो आराखडा केला, त्याला तोड नाही. त्याने गावाच्या मधोमध एक वर्तुळ काढले. त्यावर दुमजली गोल इमारत उभी राहिली, मधोमध जगदंबेचे देऊळ आले, आणि या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते झाले. लोकांनी तिला नाव दिले गंजगोलाई. सोने, पादत्राणे, कापड, मिरची, गूळ, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा.

ही गोलाई मंडईसारखी एका छपराखाली नाही. पण तिच्यात मंडईचाच विचार उलटा करून वापरलेला आहे. पुण्याला मनोरा मध्ये आणि पाख्या बाहेर गेलेल्या आहेत. पाख्यांत दुकाने आहेत. लातूरला मध्ये इमारत आणि बाहेर गेलेले रस्ते आहेत. रस्त्यांवर आकाश आहे. लांबलचक सरळ बाजारपेठेत एक बाजू सकाळभर उन्हात आणि दुसरी सायंकाळभर उन्हात तापते. वर्तुळात तसे नसते. सूर्य फिरतो तसे ऊन गोलाईभोवती फिरते; कोणत्याही घटकेला गोलाईची एक बाजू सावलीत असतेच आणि तिलाही समोरच्या मोकळ्या जागेतून उजेड मिळतोच. गिऱ्हाइकाने दहाला एका बाजूने फिरावे आणि चारला दुसऱ्या बाजूने.

एकदा मी वर्गात मुलांना गणित घातले. गोलाईला सोळा रस्ते मिळतात, तर दोन रस्त्यांत कोन किती? साडेबावीस अंश हे उत्तर मला हवे होते. एक पोरगा उठून म्हणाला, "गुर्जी, रस्ते काय सारख्या अंतरानं हायत का? आधी मोजून तरी बघू." त्याचे वडील तेथे हातगाडी लावीत. कागदावरचे वर्तुळ आणि पायांखालचे वर्तुळ यांतला फरक त्याला मास्तरापेक्षा अधिक माहीत होता. आज त्या सोळा रस्त्यांत हातगाड्या, फटफट्या, फलक आणि ताडपत्र्या यांची अशी दाटी असते, की फैयाजुद्दीनने ठेवलेले आकाश शोधून काढावे लागते. त्या ताडपत्र्यांतही कसब असते. टोमॅटोच्या गाडीवर तांबडे कापड ताणतात आणि पालेभाजीवर हिरवे. ऊन त्यातून गाळून खाली येते आणि कालचा टोमॅटो आजचा दिसतो. उजेड फुकट असला तरी त्याला रंग देता येतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पण याच बाजारात मी दुसरेही पाहिलेले आहे. माझी आई एकदा कापडाच्या दुकानात इरकल पाहत होती. नळीच्या दिव्याखाली रंग तिला हिरवा वाटे आणि मला निळसर. म्हातारे दुकानदार गादीवरून उठले, लुगड्याची घडी खांद्यावर टाकून ओट्यावर आले आणि म्हणाले, "माय, दिव्याचं काय खरं धरायचं? हितं बघ, उन्हाला. पसंत पडलं तर पैसे." उजेडात ते लुगडे ना हिरवे ना निळे, चक्क मोरपंखी निघाले. आईने ते घेतले. त्या दुकानदारांनी शास्त्र वाचलेले नव्हते. शास्त्र मात्र तेच सांगते. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या उजेडावर ठरतो. दिवसाच्या उजेडात सारे रंग असतात, दिव्याच्या उजेडात काही जास्त आणि काही कमी असतात. म्हणून एकाच दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग बाहेर आल्यावर वेगळे निघतात. पूर्वी कापसाची प्रत ठरविणारे पारखी हे जाणून उत्तरेकडून उजेड येणाऱ्या खोलीत बसत आणि तेथे धागा ओढून त्याची लांबी आणि पांढरेपणा पाहत. नांदेड हा कापसाचा मुलूख. तेथे पारख्याच्या डोळ्यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरत असे. आजही नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात हळदीचा रंग, लातूरच्या बाजारात तुरीचा आणि सोयाबीनचा दाणा प्रथम डोळाच पारखतो. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळली असेल, तर तिचा तिरपा कंगोरा डोळ्याला उजेडातच दिसतो.

मग हा उजेड बाजारातून गेला कसा? त्याची पावले मोजता येतात. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. जी इमारत सूर्यासाठी बांधली होती, तीच विजेच्या पहिल्या घरांपैकी एक ठरली. विजेने बाजाराला रात्र दिली आणि हळूहळू दिवसही काढून घेतला. नळीचे दिवे स्वस्त झाले, सिमेंटचा स्लॅब आला, थंड हवेची यंत्रे आली. १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात व्हिक्टर ग्रुएन याने चारी बाजूंनी बंद असलेला पहिला मोठा मॉल बांधला. त्याने निदान मधला चौक वरून उजेड येणारा ठेवला होता. त्याची नक्कल करणाऱ्या पुष्कळांनी बंद भिंती घेतल्या आणि चौकाचा उजेड सोडून दिला. आमच्याकडे आणखी एक कारण घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची जड माती यांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर माळवद म्हटले की लोकांच्या अंगावर काटा येऊ लागला, आणि ते योग्यच होते. पण माळवदाबरोबर साणेही गेले. नव्या स्लॅबला भोक ठेवावे, हे कोणाच्या मनात आले नाही. घरात जे विसरले गेले ते दुकानात कोण आठवणार?

आज लातूर-नांदेडच्या हमरस्त्यांवर कापडाची आणि किराण्याची तीन-चार मजली दुकाने उभी आहेत. दर्शनी बाजूस काच आहे, पण काचेवर जाहिरातीचा फलक आहे. आत दिवसा बारा वाजताही दिव्यांची दिवाळी असते. बांधणाऱ्यांची बाजू मी ऐकून घेतलेली आहे आणि ती पोकळ नाही. उन्हाने कापडाचा रंग उडतो. खिडकी ठेवली की मांडणीची भिंत जाते. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला, की काचेचे छप्पर म्हणजे भट्टी. धूळ येते, पाऊस गळतो. हे सारे खरे. युरोपचे काचघर उचलून मराठवाड्यात ठेवू नये, हे मलाही मान्य आहे.

परंतु येथेच साण्याचे गणित उपयोगी पडते. भर दुपारी उघड्या उन्हात जो उजेड असतो, तो मोजण्याच्या लक्स या मापात सुमारे एक लाख भरतो. दुकानात माल नीट दिसायला तीनशे ते पाचशे पुरेत. म्हणजे आपल्याला सूर्याच्या शंभर वाट्यांतला एक वाटाही पुरेसा आहे. इंग्लंडात ढगाळ आकाशातून उजेड वेचावा लागतो, म्हणून तेथे छप्परच्या छप्पर काचेचे करावे लागले. आपल्याला काच थोडी हवी, पण ती नेमक्या जागी हवी. छताच्या शंभर चौरस फुटांना तीन ते पाच चौरस फूट उघडे ठेवले, तरी काम भागते. खिडकीचा उजेड आत किती जातो, याचेही एक ढोबळ माप आहे: खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट. माथा दहा फुटांवर असेल तर उजेड वीस-पंचवीस फूट जाईल. दुकान साठ फूट खोल केले, तर मधला भाग अंधारा राहणारच. त्याला वरूनच उजेड दिला पाहिजे, किंवा मधोमध चौक ठेवून वरच्या मजल्यांना सज्जे केले पाहिजेत. उजेडाची तावदाने आडवी न ठेवता उभी ठेवावीत आणि उत्तरेकडे तोंड करून ठेवावीत; मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे याच विचाराची. मात्र आमचा अक्षांश साडेअठरा-एकोणीसचा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या तावदानालाही वर हातभर पुढे आलेला छज्जा हवा. छत आतून पांढरे हवे, म्हणजे उजेड त्यावर आपटून खाली पसरतो. आणि वर गेलेल्या गरम हवेला बाहेर जायला झडपा हव्यात. यातले काहीही वाड्याच्या गवंड्याला नवे वाटले नसते.

व्यापाऱ्याला यात काय मिळेल? १९९९ साली अमेरिकेत एका दुकानसाखळीच्या १०८ दुकानांचा अभ्यास झाला. ज्या दुकानांना वरून दिवसाचा उजेड होता, त्यांची विक्री चाळीस टक्क्यांनी जास्त असावी, असे त्यात निघाले. २००३ साली दुसऱ्या एका साखळीचा अभ्यास झाला, तेव्हा तो आकडा पुष्कळ खाली आला. मी या टक्क्यांवर घर बांधणार नाही. विजेचे बिल मात्र प्रत्येक महिन्याला येते, आणि ते वाचायला अभ्यास लागत नाही.

माझा मुद्दा विक्रीचा नाहीच. तो जोतीरावांच्या प्रश्नाचा आहे. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी दिवसाचा उजेड हेच वाचन असते. खेड्यातली म्हातारी तुरीची डाळ ओंजळीत घेऊन उन्हाकडे धरते, तेव्हा ती त्या डाळीचे पुस्तकच वाचत असते. बंद पाकीट आणि बंद भिंती यांनी ते पुस्तक मिटले. आता पाकिटावरच्या बारीक अक्षरांत सारे लिहिलेले असते: वजन, तारीख, काय मिसळले आहे ते. तिला ती अक्षरे येत नाहीत. तिच्या नातीला आली पाहिजेत. म्हणून जोतीराव बरोबर होते: शाळेवाचून मंडई अपुरी. आणि म्हणूनच कानिटकरांची इमारतही व्यर्थ नव्हती: नात शिकून मोठी होईपर्यंत आजीला रोज डाळ घ्यावीच लागते. दोन्हीकडचा उजेड एकमेकांच्या वाटणीतला नाही. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात मात्र तो एकमेकांच्या वाटणीत येतो. तेथे बाजाराच्या दर्शनी कमानीचा खर्च पुष्कळदा आधी मंजूर होतो, उजेडाचा आणि शाळेचा राहून जातो. जोतीरावांचा राग त्या कमानीवर असावा, असे मी समजतो.

लातूरला आणि नांदेडला यापुढेही नवी बाजारसंकुले होतील. जुने गाळे पाडून नवे बांधले जातील, त्यांचे नकाशे मंजुरीला ठेवले जातील. हे नकाशे पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे. तेव्हा आपण दोनच गोष्टी विचाराव्यात. पहिली, दिवसा बारा वाजता वीज गेली तर या इमारतीच्या मधल्या गाळ्यात बसलेल्या माणसाला हातातला दाणा दिसेल का? दुसरी, भावाची पाटी आणि तराजूचा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने उजेडात असेल का? दोन्हींना होकार मिळाला, तर दगडी मनोरा नसला तरी चालेल. नकार आला, तर त्या कागदावर सही होण्याआधी हरकतीचा अर्ज द्यावा. तो लिहायला मोठी विद्या लागत नाही. आमच्या शाळेतली सातवीची मुलेही तो लिहून देतील.